घरातली मांजर बाहेर राहून आली तर? पाक आहे म्हणून बेफिकीर राहू नका

कळवण : घरात वाढलेली मांजर एखाद्या संध्याकाळी दार उघडं दिसलं की निसटते. एक रात्र जाते, कधी दोन-तीन दिवस जातात. मग पहाटे फजरच्या वेळी ती दारात ओरडत उभी असते. अंग मळलेलं, पोट खपाटीला गेलेलं, कधी कानाला किंवा पायाला जखम. मुलं तिला उचलून घेतात, दादीअम्मा वाटीत दूध ठेवते, आणि बहुतेक घरांत विषय तिथेच संपतो.

काही घरांत उलटं होतं. घरात सून गरोदर असते किंवा तान्हं बाळ असतं. मग 'बाहेरून रोग घेऊन आली असेल' म्हणून मांजर पिशवीत घालून गावाबाहेर सोडली जाते.

दोन्ही वागण्यांत चूक आहे. पहिल्यात माणसाच्या जिवाला धोका राहतो, दुसऱ्यात मुक्या जिवावर जुलूम होतो. मांजर बाहेर राहून आली तर नेमकी भीती कशाची, काय लगेच करायचं आणि कशाला उगाच घाबरायचं नाही, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

कळवणसारख्या गावात बाहेर काय असतं?

कळवण शहर लहान आहे. मोहल्ला संपला की शेत लागतं. कांद्याच्या चाळी आणि मक्याचे ढीग जवळच असतात. धान्य आणि कांदा आला की उंदीर येतात, आणि उंदीर आले की त्यांना मारायचं औषध येतं. फवारणीची औषधं शेडमध्ये ठेवलेली असतात. मटण-चिकनच्या दुकानांमागे टाकाऊ भागासाठी भटकी कुत्री आणि बोके भांडत असतात. रस्त्यावर गाड्या, पावसाळ्यात साप-विंचू आणि शेताच्या कडेला कधी बिबट्याही असतो.

म्हणजे घरातली मांजर एक रात्र बाहेर राहिली तर तिला चार गोष्टींशी सामना पडू शकतो: कुत्रं किंवा बोका चावणं, विषारी औषध पोटात जाणं, दुसऱ्या मांजरांचे आजार लागणं, आणि अंगावर पिसवा, गोचीड, बुरशी येणं. यातलं काही फक्त मांजरीला त्रास देतं, तर काही आपल्यापर्यंत पोहोचतं. सगळ्यात मोठं नाव आहे रेबीज.

पाक असणं वेगळं, निरोगी असणं वेगळं

आपल्या घरांत मांजरीला जे प्रेम मिळतं त्याला दीनचा आधार आहे. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्यासाठी त्यांच्या सुनेने, कबशा यांनी, वुजूचं पाणी ठेवलं. मांजर प्यायला आली तेव्हा त्यांनी भांडं तिच्यासाठी तिरकं केलं. सून आश्चर्याने बघू लागली. तेव्हा त्यांनी सांगितलं की, प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी मांजरीला नापाक म्हटलेलं नाही, ती तर आपल्या घरात सतत वावरणाऱ्यांपैकी आहे. ही हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे.

यावरून काही जण असं धरून चालतात की मांजरीपासून आजार होऊच शकत नाही. इथेच गल्लत होते. हदीसमध्ये मसला तहारतचा आहे: वुजूचं पाणी चालेल का, कपडे पाक राहिले का. मांजरीच्या लाळेत रेबीजचा विषाणू आहे की नाही हा प्रश्न तिथे विचारलेलाच नाही. तो डॉक्टरांचा प्रश्न आहे.

फिकहच्या किताबांत तर अजून बारकाईने विचार आहे. हनफी फिकहात दुसरं पाणी असताना मांजरीने उष्टं केलेलं पाणी वापरणं मकरूह तन्जीही, म्हणजे टाळलेलं बरं, असं मानलं आहे. आणि उंदीर खाऊन तिने लगेच भांड्यात तोंड घातलं तर ते पाणी नापाक धरलं आहे. मांजर आत्ता काय खाऊन आली, हा प्रश्न आपल्या जुन्या फकीहांनीही विचारला होता. तिची लघवी आणि विष्ठा नापाक आहेच. जानमाजवर किंवा कपड्यावर लागली तर धुवावीच लागते.

दुसरी हदीस सगळ्यांना ठाऊक आहे. एका बाईने मांजर बांधून ठेवली, तिला खायला दिलं नाही आणि स्वतः काही शोधून खाण्यासाठी सोडलंही नाही. ती मेली, आणि त्या बाईला अजाब झाला. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. मांजर पाळली की तिची जबाबदारी आपल्यावर येते. आजच्या काळात लस आणि उपचार हेही त्या जबाबदारीत येतात.

मांजरीमुळेही रेबीज होतो

'पिसाळतं ते कुत्रं' हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. त्यामुळे कुत्रं चावलं तर लोक दवाखान्यात धावतात, आणि मांजरीने ओरबाडलं तर हळद लावून कामाला लागतात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कानपूर देहात जिल्ह्यातून आलेली बातमी अनेकांना आठवत असेल. एका मुस्लिम कुटुंबातल्या पाळीव मांजरीला बाहेर भटकं कुत्रं चावलं होतं. पुढे ती मांजर घरातल्या बाप-लेकांना चावली. त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, रेबीजची लस घेतली नाही. मांजर काही दिवसांत मेली, तरी कोणाच्या मनात शंका आली नाही. महिन्याच्या शेवटी आठवडाभरात आधी मुलगा आणि मग वडील गेले.

घरची मांजर, बाहेरचं कुत्रं, छोटी जखम आणि चुकीचं इंजेक्शन. हे कळवणला, मालेगावला, कुठेही घडू शकतं.

आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा आहे की भारतात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि रेबीजने सुमारे ५,७०० माणसं मरतात. चावण्याच्या दर चार घटनांपैकी तीन कुत्र्यांच्या असतात. उरलेल्या घटनांत मांजरीसारखे इतर प्राणी येतात. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर उपचार जवळपास नाहीच, माणूस वाचत नाही. पण चावल्यानंतर वेळेत आणि पूर्ण लस घेतली तर हा आजार टाळता येतो. म्हणून सगळा भर पहिल्या दिवसावर असतो.

मांजरीचा नुसता ओरखडाही दुर्लक्ष करण्यासारखा नसतो. मांजर सतत पंजे चाटते, त्यामुळे लाळ नखांवर असते. ओरखड्यातून ती आत जाऊ शकते.

चावली किंवा ओरबाडलं तर

सगळ्यात आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून १५ मिनिटं. अंगाचा साबण, कपड्याचा साबण, जो हाताशी असेल तो चालतो. घरात हे एकच काम असं आहे की ज्याने विषाणू मोठ्या प्रमाणात धुऊन जातो. नंतर बीटाडिनसारखं जंतुनाशक लावा.

मिरची, चुना, तंबाखू, हळद, तेल, माती यातलं काहीही जखमेत भरू नका. घट्ट पट्टी बांधू नका. टाके शक्यतो घालत नाहीत, ते डॉक्टर ठरवतील.

त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. कळवणमध्ये उपजिल्हा रुग्णालय आहे, खेड्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. सरकारी दवाखान्यात रेबीजची लस मोफत असते. केसपेपर काढताना 'मांजर चावली' असं स्पष्ट सांगा, आणि ती बाहेर राहून आली होती, कुत्र्याशी झटापट झाली असावी, हेही सांगा.

डॉक्टर जखमेचे तीन प्रकार करतात. मांजरीला नुसतं हात लावलं किंवा तिने अखंड त्वचा चाटली, तर धुणं पुरे, लस लागत नाही. रक्त न येता बारीक ओरखडा उठला किंवा उघड्या त्वचेला दात हलके लागले, तर लस लागते. रक्त आलं, दात आत गेला, किंवा आधीच्या जखमेवर, ओठावर, डोळ्यात लाळ गेली, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. हे औषध जखमेत आणि तिच्या आजूबाजूला टोचतात. लसीचा परिणाम सुरू होईपर्यंतचे दिवस ते सांभाळतं. इथे उपलब्ध नसेल तर नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात पाठवतात. सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब आहे म्हणून हे टाळू नका.

सरकारी दवाखान्यात लस सहसा त्वचेत देतात. पहिला डोस ज्या दिवशी घेतला तो शून्यावा दिवस, त्यानंतर ३, ७ आणि २८ वा दिवस. स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ असे पाच डोस होतात. कार्डावरच्या तारखा घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पूर्वी कधी पूर्ण कोर्स झाला असेल तर तेही सांगा, तेव्हा बहुधा ० आणि ३ असे दोनच डोस पुरतात.

धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं आणि रेबीजची लस वेगळी. 'सुई घेतली' एवढ्यावर समाधान मानू नका, कोणती घेतली ते विचारा.

गरोदर आणि अंगावर दूध पाजणाऱ्या बायकांनाही ही लस सुरक्षित आहे. रमजानमध्ये काही जण रोजा तुटेल म्हणून डोस पुढे ढकलतात. बहुतेक आलिमांचं मत असं आहे की स्नायूत किंवा त्वचेत दिलेल्या लसीने रोजा तुटत नाही. तरीही मनाला खटकत असेल तर इफ्तारनंतर जा, मशिदीतल्या इमामसाहेबांना विचारा, पण दिवस चुकवू नका. दुआ करा, दम करून घ्या, त्याला कोणी अडवत नाही. लस मात्र त्याच दिवशी घ्या. उंट आधी बांधायचा आणि मग तवक्कुल करायचं, ही शिकवण आपलीच आहे.

'दहा दिवस बघू' याचा खरा अर्थ

दहा दिवसांचा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण तो दोन वेगळ्या प्रसंगांत मिसळला जातो. नीट समजून घ्या.

पहिला प्रसंग: मांजर माणसाला चावली. अशा वेळी मांजरीवर दहा दिवस नजर ठेवतात. चावताना तिच्या लाळेत विषाणू असेल तर ती या दहा दिवसांत आजारी पडून मरते. दहा दिवसांनंतर ती ठणठणीत असेल तर चावलं तेव्हा लाळेत विषाणू नव्हता. पण हे दहा दिवस लस न घेता काढायचे नसतात. लस लगेच सुरू करायची आणि मांजर ठणठणीत राहिली तर पुढचे डोस कमी करायचे का ते डॉक्टर ठरवतात. मांजर पळून गेली, मेली, किंवा ओळखीची नव्हती, तर कोर्स पूर्णच करायचा.

दुसरा प्रसंग: आपल्या मांजरीला बाहेर कुत्रं चावलं. इथे दहा दिवसांचा नियम लागू होत नाही. विषाणू अंगात शिरल्यापासून मांजरीत लक्षणं दिसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, कधी दोन महिने, कधी त्याहून जास्त. दहा दिवस ती नेहमीसारखी खेळली म्हणून धोका टळला असं होत नाही. अशी मांजर पशुवैद्यकांकडे न्या. प्राण्यांनाही चावल्यानंतर लसींचा कोर्स देतात. पुढचे काही महिने मुलांना तिच्याशी झोंबाझोंबी करू देऊ नका आणि तिच्या वागण्याकडे लक्ष ठेवा.

पिसाळलेली मांजर अंधाऱ्या कोपऱ्यात लपून बसते, अचानक अंगावर झेपावते, आवाज बदलतो, लाळ गळते, जबडा लोंबतो, मागचे पाय लटपटतात. घशात काटा अडकला असेल म्हणून तिच्या तोंडात बोट घालू नका. खोलीचं दार बंद करा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

परत आल्यावर पहिला दिवस

मांजर आली की लगेच आंघोळ घालू नका. ती घाबरलेली असते, ओरबाडेल. एका खोलीत ठेवा, पाणी आणि थोडं नेहमीचं खाणं द्या. दूध नको, मोठ्या मांजरींना दुधाने बरेचदा जुलाब होतात. घरात दुसरी मांजर किंवा पिल्लं असतील तर निदान दोन आठवडे वेगळं ठेवा.

ती शांत झाली की उजेडात अंगावरून हात फिरवा. जाड कापड किंवा हातमोजे घाला. मान, शेपटीचा बुडखा आणि पाय नीट बघा. दोन बारीक भोकं दिसली तर ती दातांची असतात. बोक्यांच्या भांडणातल्या अशा जखमा वरून लगेच बंद होतात, आत पू साठतो, आणि दोन ते पाच दिवसांनी तिथे गरम, दुखरी गाठ येते. मांजर सुस्त होते, खात नाही. हे गळू घरात फोडायचं नसतं. ते पशुवैद्यकाने साफ करून औषध द्यायचं असतं.

हिरड्यांचा रंगही बघा. निरोगी हिरडी गुलाबी असते. पांढरी पडली असेल तर आत रक्तस्राव असू शकतो. तोंड उघडं ठेवून धापा टाकणं, मागचे पाय ओढत चालणं, एकसारखी लाळ गळणं, झटके येणं, किंवा एक दिवसाहून जास्त काही न खाणं, यातलं काही असेल तर वाट बघू नका.

उलट्या, जुलाब, ताप आणि मान टाकून बसणं, विशेषतः लस न झालेल्या पिल्लात, हे पॅनल्युकोपेनिया या विषाणूचं लक्षण असू शकतं. हा आजार माणसाला होत नाही, पण पिल्लं पटापट मरतात. हा विषाणू घरात वर्षभरही तग धरतो आणि फिनाईलने मरत नाही. पाणी घातलेल्या ब्लीचने फरशी पुसावी लागते, आणि फरशी पूर्ण वाळेपर्यंत मांजर दूर ठेवावी लागते.

कळवणला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे. तिथे रोज गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या येतात, पण मांजरही दाखवता येते. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. मोठी तपासणी किंवा ऑपरेशन लागलं तर नाशिकला जावं लागतं.

घरातल्या औषधाने मांजर मरू शकते

बाहेरच्या विषाइतकाच धोका घरातल्या उपायांचा आहे.

ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका. माणसाची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते. तिचं शरीर हे औषध पचवू शकत नाही.

गोचीड-पिसवांसाठी गुरांच्या अंगावर मारायचं औषध किंवा कुत्र्यांची पावडर मांजरीला लावू नका. अशा अनेक औषधांत परमेथ्रिन किंवा त्याच जातीचं रसायन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजरीला झटके येतात. मांजर अंग चाटते, त्यामुळे वर लावलेलं सगळं पोटात जातं. मांजरीसाठीचं औषध वेगळं मिळतं, तिचं वजन सांगून तेच घ्या.

फिनाईल किंवा डेटॉलच्या पाण्याने तिला पुसू नका. दोन्ही तिला विषारी आहेत. मळ असेल तर कोमट पाणी आणि सौम्य शाम्पू पुरे.

आता उंदराच्या औषधाचं. चाळीतला मेलेला किंवा अर्धमेला उंदीर खाल्ला तरी विष मांजरीपर्यंत येऊ शकतं. झिंक फॉस्फाईड, म्हणजे काळी पावडर, काही तासांतच परिणाम करते: उलट्या, धाप, झटके. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या वेगळ्या वागतात. दोन-चार दिवस मांजर बरी दिसते, मग नाकातून रक्त, काळी शी, पांढऱ्या हिरड्या. याच्यावर के-१ जीवनसत्त्वाचा उपचार आहे आणि वेळेत गेलं तर मांजर वाचते. मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका. औषधाचं पाकीट मिळालं तर सोबत न्या, निदान फोटो काढून न्या.

घरात गरोदर बाई असेल तर

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याच कारणाने सगळ्यात जास्त मांजरी घराबाहेर काढल्या जातात.

टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी जंतू आहे. बाहेर उंदीर, पक्षी किंवा कच्चं मांस खाऊन मांजरीला तो लागतो. पहिल्यांदा लागल्यावर साधारण एक ते तीन आठवडे तिच्या विष्ठेतून त्याची अंडी पडतात. गरोदरपणात बाईला हा संसर्ग पहिल्यांदाच झाला तर पोटातल्या बाळाला धोका असतो. एवढं खरं आहे.

आता पुढचं ऐका. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच लागण करत नाहीत. त्यांना तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजरीची वाळूची पाटी रोज साफ केली तर धोका फार कमी होतो. हे काम घरातल्या दुसऱ्या माणसाने करावं. गरोदर बाईलाच करावं लागलं तर हातमोजे घालून करावं आणि नंतर साबणाने हात धुवावेत. मांजरीला जवळ घेतल्याने, तिच्या केसांनी सहसा ही लागण होत नाही.

माणसाला हा जंतू लागण्याची मोठी वाट वेगळीच आहे: अर्धकच्चं मांस, न धुतलेली भाजी, आणि मातीत काम केलेले हात. ईद-उल-अज्हाला घरात गोश्त येतं, कापलं जातं, वाटे होतात. गरोदर बाईने कच्चं गोश्त हाताळल्यावर हात, सुरी, पाट साबणाने धुवावेत, कबाब आतून गुलाबी राहणार नाही असे भाजावेत. शंका असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून रक्ततपासणी करता येते. मांजर सोडून येण्याची गरज नाही. ती घरातच राहील, बाहेर जाणार नाही आणि कच्चं मांस खाणार नाही, एवढं बघा.

मुलांच्या अंगावर गोल चट्टे

मांजर बाहेरून आल्यावर पंधरा-वीस दिवसांत मुलाच्या हातावर, मानेवर खाजरा गोल चट्टा उठला आणि मांजरीच्या कानाजवळ केस गळलेले दिसले, तर तो गजकर्ण असण्याची शक्यता मोठी. ही बुरशी आहे, बरी होते. पण मेडिकलमधून 'खाजेची ट्यूब' आणून लावू नका. तशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉईड असतं. खाज थांबते, बुरशी पसरते. मुलाला त्वचेच्या डॉक्टरांकडे आणि मांजरीला पशुवैद्यकाकडे, दोघांचाही उपचार एकाच वेळी करा. चादरी-उशा गरम पाण्यात धुवून कडक उन्हात टाका.

शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे असतात, आणि ते पिसवांमुळे येतात. जंताचं औषध आणि पिसवांचं औषध दोन्ही लागतात. अंगणातल्या मातीत किंवा वाळूच्या ढिगात मांजरी घाण करतात, तिथे खेळून आलेल्या मुलांचे हात जेवणाआधी धुवा.

चिकनच्या दुकानातला टाकाऊ भाग

मांजरीसाठी कोंबडीची आतडी, डोकी, पाय मागून आणणं ही आपल्याकडची जुनी सवय. ती आता बदलायला हवी. भारतात बर्ड फ्लूची पहिली मोठी साथ फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्या शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला उघड झाली, २०२१ मध्ये तिथे ती पुन्हा आली. हा विषाणू मांजरीच्या कुळालाही मारतो. नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या यानेच मेले. २०२५ च्या सुरुवातीला मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात पाळीव मांजरींतही तो सापडला.

म्हणून घाबरून चिकन बंद करायचं नाही. शिजवल्यावर विषाणू मरतो. मांजरीचं खाणंही उकळून, थंड करून द्या, मीठ-मसाला न घालता. मेलेली कोंबडी किंवा कावळा खाऊन मांजर आजारी पडली तर तिला उघड्या हातांनी हाताळू नका आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

पुढच्या वेळेसाठी

बाहेर जाण्याआधी लस झालेली असली की निम्मी चिंता कमी होते. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, नंतर दरवर्षी एक. मांजरींच्या इतर आजारांची एकत्र लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने देतात, वर्षाने पुन्हा एकदा. लस घेण्याआधी दवाखान्यात विचारा, कधी ती बाहेरून मागवावी लागते. मोहल्ल्यातल्या चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी मांजरी नेल्या तर डॉक्टरांनाही सोपं जातं.

मांजर घराबाहेर पळते त्याचं मोठं कारण माजावर येणं हे असतं. ऑपरेशन केलं की भटकणं आणि भांडणं खूप कमी होतात. शरीअतच्या दृष्टीने हनफी फिकहात फायदा असेल तर याला मुभा आहे. शाफई मसलकात मत जास्त कडक आहे, त्यामुळे आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारून ठरवा. ऑपरेशन न करणाऱ्यांनी निदान खिडकीला जाळी लावावी आणि संध्याकाळी दार लोटलेलं ठेवावं.

एवढं वाचून घरात मांजर ठेवायचीच कशाला, असं कोणाला वाटेल. पण यातला जवळपास प्रत्येक धोका साबण, लस, रोजची सफाई आणि शिजवलेलं खाणं यांनी आटोक्यात येतो. मांजर गावाबाहेर सोडून येण्याने एकही धोका कमी होत नाही. ती दुसऱ्या मोहल्ल्यात, लस नसलेली, भुकेली फिरत राहते.

आज घरी गेल्यावर तिच्या लसीचं कार्ड शोधा. कार्ड सापडलं नाही तर लस झालेली नाही असंच धरा, आणि या आठवड्यात तिला दवाखान्यात घेऊन जा.